मागच्या खोलीपर्यंतची तार

"तांब्याची आहे की ॲल्युमिनियमची?" आप्पांनी विचारलं.

जेवणाच्या टेबलावर निळ्या तारेचं वेटोळं पडलं होतं. टाळेबंदीचे दिवस होते, बाजार बंद. दुकानदाराने अर्धं शटर वर करून उरलासुरला तुकडा काढून दिला होता. सोबत प्लग चेपायची पक्कडही दिली होती, परत आणून देण्याच्या बोलीवर.

"तांब्याची," मी म्हटलं. "आत आठ बारीक तारा असतात. वरून प्लास्टिक."

"प्लास्टिक अलीकडचं. त्याच्याबद्दल शास्त्रात काही नाही." आप्पांनी वेटोळं बोटाने जरा ढकलून पाहिलं. "तांबं म्हणजे धातू. धातूला विटाळ लागतो, पण चिंचेने घासला की जातो."

"मग इंटरनेटची तार चिंचेने घासू का?"

"चेष्टा करू नकोस, ऋजुता. मी विचार करतोय."

आप्पा म्हणजे माझे सासरे. सगळी नोकरी हायस्कूलात विज्ञान शिकवण्यात गेलेली. सुवाहक कोण, दुर्वाहक कोण, हे त्यांनी सेलूतल्या दोन पिढ्यांकडून पाठ करून घेतलं होतं. तेच आप्पा आता विटाळ तारेतून वाहतो का, याचा हिशेब मांडत होते. मला हसू येत होतं आणि रागही येत होता. राग जास्त.

स्वयंपाकघरातून माईंचा आवाज आला. माई म्हणजे सासूबाई.

"कशाचीही असो. तार त्या खोलीत जाणार नाही."

'ती खोली' म्हणजे आमची मागची खोली. घर जुनंपुराणं नव्हतं. स्लॅबचं, टाइल्सचं, इन्व्हर्टर असलेलं. बांधतानाच नकाशात परसाच्या टोकाला एक सुटी खोली काढून घेतली होती. नकाशावर लिहिलं होतं 'अडगळ', पण अडगळ तिथं कधीच ठेवली नाही. एक कॉट, एक गोधडी, वेगळं ताट-वाटी, बाजूला न्हाणी. घरातल्या बाईला कावळा शिवला की तिने तीन दिवस तिथं बसायचं. घरात बालाजी, सोवळं कडक. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन मग आत. लग्नाआधी मला हे सांगितलेलं नव्हतं असं नाही. सांगितलं होतं, आणि मी मान डोलावली होती. एवढंसं काय त्यात, असं वाटलं होतं. रोज बोचत नव्हतं, महिन्याच्या महिन्याला बोचायला लागलं.

तर त्या वर्षी माझा पीएच.डी.चा प्रबंध मान्य झाला होता. विषय रसायनशास्त्राचा. आसपासच्या गावांतल्या विहिरींच्या पाण्यात काय काय मिसळलेलं आहे, ते शोधायचं. पाण्याच्या बाटल्या गोळा करत मी सहा वर्षं हिंडले होते. आता फक्त तोंडी परीक्षा उरली होती, व्हायवा. हत्ती गेला, शेपूट राहिलं. विद्यापीठ बंद, म्हणून परीक्षा ऑनलाइन ठरली. बाहेरचे परीक्षक एकदा मिळाले ते मिळाले, पुन्हा कधी मिळतील सांगता येत नाही, तेव्हा तारीख बदलायची नाही, असं माझ्या मार्गदर्शक बाईंनी निक्षून सांगितलं. मी कॅलेंडर बघितलं. तारीख बरोबर माझ्या दुसऱ्या दिवसावर येत होती.

मागच्या खोलीत मोबाईलला रेंजची एक कांडी यायची आणि जायची. वाय-फायचा डबा दिवाणखान्यात. मध्ये तीन भिंती आणि सगळं परस. त्याची लहर स्वयंपाकघरातच दम तोडायची. तार ओढणं एवढा एकच मार्ग होता. आणि तारेचा तुकडा एवढाच, की ती दिवाणखान्यातून निघून सरळ देवघरातून जाऊन, देवघराच्या झरोक्यातून परसात उतरली, तरच खोलीपर्यंत पुरली असती. गच्चीवरून फिरवायची तर निम्म्यावर संपत होती.

निरंजनला, माझ्या नवऱ्याला, हैदराबादला फोन लावला. तो तिकडे नोकरीवर अडकला होता.

"गोळी घे ना," तो म्हणाला. "चार दिवस पुढं ढकल. सगळ्याच घेतात."

"मला त्या गोळीने मळमळतं. परीक्षकांसमोर ओकू का?"

"मग सांगूच नको. कुणाला कळायलंय? हॉलमध्ये बस, परीक्षा दे, मोकळी हो."

"आणि परीक्षा देताना डोक्यात काय ठेवू? डाग पडला का, माईंना दिसला का, हेच? मी चोरी केलीय का काही?"

"तू उगाच तत्त्वाचा प्रश्न करायलीस."

"मग तू ये आणि आईला सांग."

हैदराबादेत बसून शेळ्या हाकणं त्याला छान जमायचं. मी फोन ठेवला आणि त्याच क्षणी ठरवलं, की लपवायचं नाही. बाहेर बसायचं ना? बसते. पण मग नेटही माझ्याबरोबर बाहेर बसेल.

दुसऱ्या दिवशी आप्पा दाढी करता करताच माझ्याकडे आले. गालाला अजून साबण होता.

"गुरुजींशी बोललो," ते म्हणाले. "रेशीम आणि लोकर, या दोन्हींतून विटाळ जात नाही. म्हणून तर सोवळ्याला मुकटा किंवा धाबळी. तेव्हा देवघरात तार जिथं शिरते आणि जिथं बाहेर पडते, तिथं धाबळीचा तुकडा गुंडाळायचा. म्हणजे विटाळ त्या बाजूलाच अडला."

"आणि नेट?"

"नेट जाईल की. नेटला लोकरीचं काय?"

विज्ञान आणि शास्त्र या दोघांनाही जेवू घालून आप्पा समाधानाने दाढी पुरी करायला गेले. मी म्हटलं, असो. भीक नको पण कुत्रं आवर. धाबळी गुंडाळा, नाहीतर शालू नेसवा, तार पोचल्याशी कारण.

दुपारी मी तार सोलायला बसले. आठ तारांचा रंगक्रम पाठ केला, नारिंगी-पांढरा, नारिंगी, हिरवा-पांढरा, निळा आणि पुढचे. पहिले दोन प्लग वाया गेले. तिसरा बसला. पक्कड दाबली की 'कट्' असा आवाज यायचा, तो मला फार आवडला. माई दारात उभ्या राहून बघत होत्या. हाताला पीठ तसंच.

"आप्पा हो म्हणाले," मी त्यांना सांगितलं.

"त्यांना काय जातंय हो म्हणायला."

"गुरुजीही हो म्हणाले."

"गुरुजी कधी बसले होते त्या खोलीत?"

"मग तुमचं म्हणणं काय आहे, माई? धाबळी गुंडाळलीय. बालाजीला धक्का लागत नाही. आता कशाला नाही?"

"नाही म्हणजे नाही," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

माझी खात्रीच पटली, की या बाईला कारण नाहीच. सुंभ जळतो, पीळ जात नाही. देवाने स्वतः येऊन सांगितलं असतं, तरी त्यांनी त्याला आधी पाय धुवायला लावलं असतं. मी संध्याकाळपर्यंत तार टाकली. दिवाणखाना, देवघराचा उंबरा, समईच्या मागून भिंतीकडेने झरोका, तिथून लिंबाच्या फांदीवरून खोलीच्या खिडकीत. लॅपटॉपला जोडली तेव्हा प्लगशेजारी हिरवा दिवा लुकलुकला. तो दिवा बघून मला एखाद्या किल्ल्याचं दार उघडल्यासारखं झालं, खोटं कशाला सांगू.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी पाळी आली. वेळेवर, वक्तशीर. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून मोठ्याने म्हटलं, "माई, मी बाहेर झाले." लॅपटॉप, प्रबंध आणि दोन साड्या घेऊन परस ओलांडून खोलीत गेले. खिडकीत बघितलं तर तार नव्हती.

लिंबाच्या फांदीवर नव्हती. झरोक्यातही नव्हती. तिथं धाबळीचा तुकडा तेवढा लोंबत होता.

मी परसात आले. रागाने कानशिलं तापली होती.

"माई, तार कुणी काढली?"

आतून भांड्यांचा आवाज थांबला.

"माई, मी विचारायलेय. तार कुठंय?"

"ठेवलीय," आतून आवाज आला.

मी मागच्या ओट्याच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिले. पायरीच्या पुढे मला बंदी होती. मी एक पाय उचलून पायरीवर ठेवला.

"ऐका. उद्या माझी परीक्षा आहे. सहा वर्षं मी उन्हातान्हात दुसऱ्यांच्या विहिरी धुंडाळल्यात. एकतर ती तार बाहेर येईल, नाहीतर मी आत येईन. स्वयंपाकघरातून, देवघरातून, सरळ चालत. दिवाणखान्यात बालाजीकडं तोंड करून बसेन आणि तिथून परीक्षा देईन. मग सगळं घर गोमूत्राने धुवा, नाहीतर मला माहेरी पाठवा. तुमची मर्जी."

पायरीवरचा पाय मी काढला नाही.

माई दारात आल्या. हातात निळं वेटोळं होतं. नीट गुंडाळून, दोऱ्याने बांधलेलं. त्या माझ्या पायाकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता आप्पांना हाक मारतील. पण त्या ओट्यावर खाली बसल्या, पाय सोडून.

"तुला वाटायलंय, मी देवासाठी अडवायलेय," त्या म्हणाल्या.

"मग कशासाठी?"

"मी लग्न होऊन आले ना, तेव्हा घरात अकरा माणसं होती. हे घर नव्हतं, पलीकडच्या गल्लीतलं भाड्याचं होतं. पहाटे आड शेंदायचा, सोवळ्यात स्वयंपाक, दोन पंगती, दुपारची भांडी, की पुन्हा चूल. माझ्या सासूबाई बसल्या जागेवरून हाका मारायच्या. अगं ए, अगं ए. नाव नाही घ्यायच्या." माई वेटोळ्यावरचा दोरा बोटाने चाचपत होत्या. "त्या घरातही एक अशीच खोली होती. पत्र्याची. महिन्याचे तीन दिवस मी त्या खोलीत. तिथं मला कुणाला शिवता यायचं नाही. शिवता येत नाही म्हणजे उठवता येत नाही. सासूबाई ओट्यावरून ओरडायच्या, घसा कोरडा करायच्या, मी आपली भिंतीकडं तोंड करून झोपायची. ताट समोर यायचं. आयतं. माझ्या हातचं नसलेलं जेवण मी त्या खोलीतच जेवलेय, ऋजुता. दुसरीकडं कुठंच नाही."

मी पायरीवरचा पाय खाली घेतला. कधी घेतला ते मला कळलं नाही.

"हे घर बांधलं तेव्हा ह्यांना म्हटलं, काही करा, पण मागं खोली पाहिजे. ह्यांना वाटलं, काय बायको मिळाली, केवढं सोवळं. सगळ्या नातेवाइकांत सांगत फिरले. मी सांगू दिलं." त्या हसल्या नाहीत. "मग पाळी गेली. हे म्हणाले, बरं झालं, आता देवाचं सगळं बारमाही तुझ्याकडं. मी न्हाणीत जाऊन रडले. लोकांना वाटलं, वयाचं असेल."

"माई—"

"आता तू तिथं तार न्यायलीस. तार तिथं गेली की मागोमाग काम तिथं जातं. काम गेलं की मागोमाग हाक जाते. आज परीक्षा, उद्या नोकरीचं, परवा घरातलं. मग ती खोली राहिली कशाला? घराचाच एक तुकडा झाला तो."

इतके दिवस मी देवाशी भांडत होते, आणि देवाचा त्यात काही संबंधच नव्हता. तरी मी हटले नाही. हटून चाललं नसतं.

"विश्रांती मिळावी म्हणून मी अपवित्र कशाला व्हायचं?" मी म्हटलं. "कंटाळा आला म्हणून झोपले, एवढं पुरत नाही का?"

"पुरतं?" माईंनी माझ्याकडे बघितलं. "या घरात तू चार वर्षं आहेस. कंटाळा आला म्हणून दुपारी झोपलीस, असा एक दिवस सांग."

मी आठवायला लागले. परसातल्या लिंबावर कावळा येऊन बसला, ओरडला, उडून गेला, तरी मी आठवतच होते.

"बघ," माई म्हणाल्या.

"ते मला माझ्यापुरतं भांडून घ्यावं लागेल. घेईन," मी म्हटलं. "पण उद्या मला झोपायला खोली नको. उद्या मला त्या खोलीतून बोलता आलं पाहिजे."

माई उठल्या. वेटोळं माझ्या हातात देता येत नव्हतं, म्हणून पायरीवर ठेवलं आणि दोन पावलं मागे सरकल्या. मी उचलून घेतलं. आमच्यात वस्तू अशाच जायच्या, आधी जमिनीवर, मग दुसऱ्या हातात.

"आतल्या बाजूने मी लावते," त्या म्हणाल्या. "कुठं लावायची तेवढं सांग."

"टीव्हीखालचा पांढरा डबा. पिवळं भोक. खट् वाजलं पाहिजे."

तार पुन्हा फांदीवर चढली. हिरवा दिवा लागला. आणि माईंचं म्हणणं खरं ठरायला संध्याकाळसुद्धा व्हावी लागली नाही. दुपारच्या चहानंतर आप्पा मोबाईल घेऊन ओट्यावर उभे.

"ऋजुता, आता तिकडं नेट आलंच आहे, तर जरा गॅसचा नंबर लावून टाक. आणि त्या पेन्शनच्या साइटवर माझा फोटो चढत नाही. मोबाईल इथं ठेवतो, घेऊन जा."

मी प्रबंधातून मान वर केली. स्वयंपाकघराच्या खिडकीत माई उभ्या होत्या. मी काय करते ते बघत होत्या.

"मी बाहेर बसलेय, आप्पा," मी म्हटलं.

"मोबाईल शिवायला हरकत नाही. वरून प्लास्टिक आहे. प्लास्टिकला विटाळ नाही."

"मग माझा लॅपटॉपही प्लास्टिकचा आहे. तो घेऊन येऊ का हॉलमध्ये?"

आप्पांनी मोबाईल उलटा करून पाहिला. शास्त्रात कुठे पळवाट आहे का, ते बहुधा शोधत होते. मग मोबाईल घेऊन आत गेले. खिडकीतल्या माईंनी पदर तोंडाला लावला.

परीक्षा सकाळी होती. मी निळी इरकल नेसून कॉटवर बसले. स्टुलावर प्रबंध, त्याच्यावर लॅपटॉप. मागे खोलीची भिंत, चुना उडालेली, म्हणून तिच्यावर धुतलेली चादर बांधली. पडद्यावर एकेक चेहरा उगवला. मार्गदर्शक बाई, अध्यक्ष, बाहेरचे परीक्षक, काही विद्यार्थी. माई खोलीच्या पायरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या, माझ्यापासून हातभर अंतर राखून. राखण करायला बसल्यात, असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही.

मी बोलायला सुरुवात केली. कोणत्या विहिरीचं पाणी कसं, उन्हाळ्यात काय होतं, दिसायला नितळ असलेलं पाणीच कसं फसवतं, सगळं भराभर येत होतं. बाहेरचे परीक्षक चष्मा कपाळावर चढवून ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "पण बाई, हे शुद्ध आणि हे अशुद्ध, ही तुमची रेघ कुणी ठरवली? तुम्ही ती जशीच्या तशी का स्वीकारली?"

प्रश्न अवघड होता. मला त्याचं उत्तर येत होतं. चौथं प्रकरण सगळं त्याच्यावरच होतं.

"सर, मी ती स्वीकारलेली नाही," मी म्हटलं, आणि त्यांचा चेहरा पडद्यावर तसाच गोठला.

हिरवा दिवा विझला होता.

"काय झालं?" माईंनी मान वळवली.

"नेट गेलं. तार काढली कुणीतरी."

झरोक्यातून घंटेचा आवाज आला, मग आप्पांचा. "ही धाबळी सुटलीय. तार समईला लागायलीय. दोन मिनिटं थांब, ऋजुता, नीट गुंडाळतो आणि लावतो."

"आप्पा, लावा ती," मी ओरडले. "आत्ता लावा. परीक्षक थांबलेत."

"अगं, पूजा व्हायचीय. विटाळ तसाच—"

मी लॅपटॉप कॉटवर टाकला आणि उठले. आता जे होईल ते होईल. मी दाराबाहेर पाऊल टाकणार तोच माई पायरीवरून उठून आडव्या आल्या.

"तू नको," त्या म्हणाल्या. "तू गेलीस तर तासभर विटाळावरच बोलत बसतील. तुझी परीक्षा राहील बाजूला."

"मग काय करू?"

माईंनी सूप खाली ठेवलं. आणि माझं मनगट धरलं. घट्ट, पाची बोटांनी. चार वर्षांत त्या दिवसांत मला कुणी हात लावला नव्हता. त्यांचा हात तांदळाच्या कोंड्याने खरखरीत झाला होता.

"माई, शिवलात तुम्ही," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या आणि परस ओलांडून तशाच आत गेल्या. स्वयंपाकघरातून, सरळ देवघरात.

मला झरोक्यातून सगळं ऐकू आलं.

"अहो, द्या ती तार."

"थांब, गुंडाळतोय. तू लांब हो, मी सोवळ्यात आहे."

"मी ऋजुताला शिवून आलेय."

आत घंटा कुठेतरी कलंडली.

"काय म्हणालीस?"

"शिवून आलेय. हे बघा, या हाताने. तार सोडा, नाहीतर तुमच्या हाताला हात लागेल. मग पुन्हा आंघोळ, पुन्हा पहिल्यापासून पूजा."

"कुमुद, देवघर आहे हे."

"माहिताय. रोज मीच पुसते."

आप्पा बाजूला झाले असणार. एवढ्या वर्षांचं सोवळं त्यांना उडी मारायला लावायला पुरेसं होतं. ज्या नियमाने त्यांनी सगळ्यांना लांब ठेवलं, त्याच नियमाने त्यांना आता माईंना हात लावता येत नव्हता. माईंची पावलं दिवाणखान्याकडे गेलेली ऐकू आली. जरा खुडबुड. मग इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण मला ते 'खट्' ऐकू आल्यासारखं वाटलं, कारण त्याच क्षणी हिरवा दिवा लागला.

परीक्षकांचा चेहरा हलला. "हां, बाई, आलात का? तुम्ही म्हणत होता, स्वीकारलेली नाही."

"नाही, सर," मी म्हटलं. "कारण सांगते." आणि सांगितलं. आवाज चढला होता, मार्गदर्शक बाईंनी भुवया उंचावल्या, पण मी थांबले नाही. ती रेघ दुसऱ्या मुलखातल्या माणसांसाठी आखलेली होती, आमच्याकडे उन्हात राबणारा माणूस पाणी किती पितो, हे ज्यांनी कधी पाहिलं नाही त्यांनी. इथली रेघ इथल्या माणसांना विचारून आखली पाहिजे, असं मी म्हणाले. परीक्षकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. मग म्हणाले, "ठीक. माझे प्रश्न संपले."

मला आणि ऐकायला आलेल्या विद्यार्थ्यांना दहाएक मिनिटं मीटिंगबाहेर थांबवलं. पुन्हा आत घेतलं तेव्हा अध्यक्षांनी माझ्या नावाआधी डॉक्टर लावलं. मी हात जोडले, लॅपटॉप मिटला आणि उशीत तोंड खुपसून रडले. आनंदाने रडले, रागाने रडले, दोन्ही एकदमच होतं.

डोकं वर केलं तर माई खोलीत उभ्या होत्या. पायरीवर नाही, आत.

"झाली?"

"झाली."

"डॉक्टर?"

"डॉक्टर."

"बरं झालं," त्या म्हणाल्या आणि कॉटवर माझ्या शेजारी बसल्या. खोलीभर नजर फिरवली, भिंत, न्हाणीचं दार, कोपऱ्यातलं ताट. गोधडी हाताने चाचपली.

ओट्यावर आप्पा आले. मुकटा नेसलेले, अंगावर पाण्याचे थेंब. त्यांनी पुन्हा आंघोळ केली होती. आवाजात राग होता, पण तो कुठे ठेवावा ते त्यांना कळत नव्हतं.

"झालं ते झालं," ते म्हणाले. "परीक्षेसाठी झालं, बालाजी समजून घेईल. अभिनंदन, ऋजुता. आता तू ऊठ, कुमुद. डोक्यावरून पाणी घे आणि आत ये. नैवेद्य राहिलाय. कुकर लागलेला नाही."

शिवल्यावरचा विटाळ आंघोळीने जातो. एक घागर पाणी, बस्स. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

"घेईन ना," माई म्हणाल्या.

"मग चल."

"तीन दिवसांनी घेईन."

"तीन दिवस? अगं, तू शिवलीयस फक्त. तुला तीन दिवसांचं काही नाही."

"आंघोळ केली की विटाळ जातो ना? मी करत नाही. जोवर करत नाही, तोवर मला आत येता येत नाही. शास्त्र आहे. गुरुजींना विचारा."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी काहीतरी बोलेन, सासूची समजूत काढेन, असं त्यांना वाटलं असावं. मी सरकून माईंना कॉटवर जागा करून दिली.

"आणि स्वयंपाक?" आप्पांनी विचारलं. "नैवेद्य? मला वरणसुद्धा येत नाही, कुमुद."

माईंनी पाय वर घेतले. गोधडी खांद्यापर्यंत ओढली आणि भिंतीकडे तोंड केलं.

"घरात नेट आहे की," त्या म्हणाल्या. "त्यात बघा."

आप्पांनी मुकट्याचा सोगा खोचला. मग आत गेले. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून कुणा परक्या बाईचा आवाज यायला लागला. तुरीची डाळ तीनदा धुऊन घ्या, असं ती सांगत होती. माई तोवर झोपल्या होत्या.